छाटणी

सोमवारी सकाळी शेड्यूल आलं : शून्य.
ब्रॅकेट डावा, शून्य. ब्रॅकेट उजवा, शून्य.
खाली नेहमीसारखं, आपला विश्वासू.

अंबडच्या आमच्या गाळ्यात तीन प्रेस,
त्यातला एक अजून बँकेचा,
आणि दाराशी खिळ्यांची रांग.
बारा खिळे, बारा डबे.

सी.ए. म्हणाला, छाटणी करा.
सहा ठेवा, लोक समजून घेतात अशा दिवसांत.
त्यानं यादीवर रेघ ओढली
ती सहाव्या नि सातव्या डब्यामधून गेली.
सातवा केरू निरगुडेचा.

दुपारी सगळ्यांना बोलावलं.
भाषण लिहून नेलेलं, खिशातच राहिलं.
म्हणालो, पुढं काय करायचं, मला ठाऊक नाही.
कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला.
एवढी शांतता या पत्र्याखाली
मी अकरा वर्षांत ऐकली नव्हती.

मग केरू बोलला, मोहाडीचा, द्राक्षातला :
"शेठ, छाटणी म्हणताय, पण कात्री कुठंय?"
चेष्टा करत नव्हता.
भावाच्या बागेत ऑक्टोबर छाटणीला
बायांच्या हाती परदेशी कात्री,
स्प्रिंग गेली की अख्खी फेकायची.
पातं आपण दाबू, म्हणाला, ह्याच प्रेसवर.

दाबलं. पहिल्याच काडीला वाकलं.
पोलादाला पाणी द्यायला भट्टी हवी,
आणि भट्टी भिंतीपलीकडं, गायधनींची.
गायधनींशी आमचं बोलणं नव्हतं
नगामागे चाळीस पैशांवरून.
दर आधी त्यांनी पाडला की मी,
याच्या दोन गोष्टी आहेत, दोन्ही पाठ.
गेलो. ते गार भट्टीपुढं बसले होते.
चाळीस पैसे मी काढले नाहीत, त्यांनीही नाही.
म्हणाले, पेटवायची तर रात्री, वीज स्वस्त पडते.

आठवड्यानं मधला पत्रा कापला,
दीड फूट बाय दोन.
ट्रे जायला. नंतर चहाही जाऊ लागला.

स्प्रिंगा नजमुद्दीन तांबोळींच्या,
त्यांचंही शेड्यूल शून्य.
पैशाचं नंतर बघू, म्हणाले.
नंतर म्हणजे कधी, कुणी विचारलं नाही.

पहिल्या शंभरातल्या एकतीस मोडल्या.
दुसऱ्या शंभर घेऊन बागेत गेलो.
पेठकडची टोळी, मुकादम हौसाबाई गावित.
तिनं कात्री तळहातावर तोलली,
दोन काड्या कापल्या, परत दिली.
"गड्याच्या हाताला केली ही."
आणि आपला पंजा माझ्या पंजाला लावून दाखवला,
एक पेर कमी.
आमच्या ड्रॉइंगवर सगळी मापं होती,
ते पेर नव्हतं.

कुठं कापायचं, कसं कळतं, मी विचारलं.
ती काडीवर बोट फिरवत होती.
"डोळे मोजायचे. फळ कोणत्या डोळ्यात हाय ते बघायचं,
त्याच्या म्होरं कापायचं.
घाईत माणूस अलीकडं कापतं."
परतताना म्हसरूळ येईपर्यंत
मला ती यादीवरची रेघ दिसत राहिली.

पगार अर्धे केले, माझा आधी बंद.
तरी रामधनी गेला, गावी, गॉगल टेबलावर ठेवून.
थांब म्हणायला माझ्याकडं काय होतं?
त्याच्या खिळ्यावर आता
गायधनींचा भट्टीवरचा पोरगा डबा अडकवतो.

या महिन्यात तीनशे बारा कात्र्या.
पगार त्यात भागत नाहीत.
शेड्यूल दर सोमवारी येतं, मी दुपारी उघडतो,
सकाळी आधी तक्रारी वाचतो.
आजची दिंडोरीहून : डावखुऱ्या बाईला चालत नाही.
मोठ्यानं वाचली तर
भिंतीच्या भोकातून एक हात आत आला,
भट्टीवाल्या पोराचा, डावा,
काजळी लागलेला.
"माप घ्या," म्हणाला.
केरू कागद शोधतोय.
मी पेन्सिल.